दहा पावलांची आकाशवाणी

सौ. शिवरंजनीआक्का यांना धाकट्या गौरीशंकरचे शरणार्थ.

तुमचे गुडघे, भावजींची साखर आणि हुबळीचा पाऊस, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. (तिन्हींवर आपला ताबा नाही, ही गोष्ट वेगळी.) तुमच्या अप्पांच्या, म्हणजे माझ्या मामांच्या, डोळ्याचं ऑपरेशन धाराशिवला नीट झालं, हे फोनवर कळवलंच आहे. मग आता पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. आक्का, माझ्या फोनवर खासगी असं काही उरलेलं नाही. ते कसं, तेच सांगायला बसलो आहे.

दिवाळीत मी एक जुनी गाडी घेतली. तिच्यात रेडिओ आहे, बाकी काही नाही. दुकानाच्या कामासाठी तुळजापूरला जाता-येता भजन ऐकावं एवढीच माझी हौस. मोबाइलवाल्याने अंगठ्याएवढं एक यंत्र दिलं. सिगारेट पेटवायच्या भोकात ते खोचायचं आणि फोन त्याला जोडायचा. मग ते स्वतःच एक इवलंसं रेडिओ केंद्र होतं आणि फोनमधलं गाणं गाडीच्या रेडिओवर लागतं. (जन्मात विडी ओढली नाही, पण देवाचं नाव यायचं ते सिगारेटच्या भोकातूनच.) अट एकच. रेडिओवर जिथं कुठलंच केंद्र लागत नाही अशी रिकामी जागा शोधायची आणि दोन्हीकडे तोच आकडा लावायचा. ही अट मला फार आवडली. माणसाच्या मनातही अशी एक जागा असावी, असा विचार करत मी दोन दिवस गाडी चालवली. तिसऱ्या दिवशी घाटात माझ्या रिकाम्या जागेत एक कन्नड बाई घुसली आणि ऐन भजनात मला केसांचं तेल घ्यायचा आग्रह करू लागली. (माझ्या डोक्याची परिस्थिती तुम्हाला माहीत आहे.)

तर मामांना दवाखान्यातून आणत होतो. त्यांच्या एका डोळ्याला पट्टी, वर काळा चष्मा. गेल्या श्रावणात त्यांनीच रचलेलं एक पद मी फोनवर उतरवून घेतलं होतं, टाळ मी धरला होता. म्हाताऱ्याला खूश करावं म्हणून तुळजापूर सोडल्यावर ते लावलं. मामा ताठ झाले.

"गौऱ्या, म्या लागलो की रे रेडिओवर!"

तुम्हाला ती आवाजाची चाचणी आठवत असेल. तुम्ही तेव्हा परकरात होता. मामा कडक इस्त्रीचं धोतर नेसून आकाशवाणीत गेले आणि परत येऊन गावाला म्हणाले, "आवाज ठिवून घेतलाय. पाळी आली की लावत्याल." पंचेचाळीस वर्षं गाव मधूनमधून विचारतं, "शरणबसप्पा, पाळी आली का?" ती पाळी शेवटी आली ती माझ्या गाडीत. त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. रोज न चुकता लिंगपूजा करणारा माणूस मी. तोंडातून निघालं, "व्हय मामा."

मामा ऐकत राहिले. मग म्हणाले, "आवाज माजाच हाय. पर टाळ कुण्या गाढवानं धरलाय?"

मी म्हणालो, असेल कुणीतरी तिथला.

"काढून टाकाय पायजे त्याला."

मी मान डोलावली. इतक्यात फोन वाजला, घाईत बोट हिरव्यावर पडलं आणि रेडिओतून आमची श्रीदेवी कडाडली, "अवो, येताना कोथिंबीर आणा! अन् मामास्नी भाकर चावंल का भात टाकू?"

आता याला काय म्हणावं? मी म्हणालो, "श्रुतिका लागली, मामा. कौटुंबिक."

मामांनी काळा चष्मा नीट केला. मग म्हणाले, "बाई झ्याक बोलती. भात टाक म्हणावं."

(हे वाक्य मी औषधाच्या गुंगीच्या खाती टाकलं. माझ्या अकलेचा हा नमुना जपून ठेवा.)

दुसऱ्या दिवशी मामांनी मठात जाहीर करून टाकलं की येत्या सोमवारी सकाळी सातला पुन्हा लागणार. मठाची झाडलोट करणाऱ्या धुरपताबाईंनी आपल्या रेडिओत नवे सेल घातले आणि तो नंदीजवळ आणून ठेवला. आक्का, माझ्या यंत्राची सगळी ताकद दहा पावलं. गाव हसलं असतं तर मामा पुन्हा मठाची पायरी चढले नसते. म्हणून रेडिओचा काटा आदल्या दिवशी मीच लावून ठेवला आणि सोमवारी पहाटे गाडी मठाच्या मागच्या भिंतीला चिकटवून, काचा वर करून आत बसलो. देवा, लबाडी आहे खरी, पण दहा पावलं पोचू दे, अशी प्रार्थना केली. अशी प्रार्थना करताना डोळे मिटावेत की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पद लागलं. मठ चिडीचूप. भिंतीपलीकडून मामांचा आवाज येत होता, आणि खरं सांगतो, माझा टाळ सोडला तर अंगावर काटा आला. तेवढ्यात फोन वाजला आणि घामेजलेलं बोट पुन्हा हिरव्यावरच घसरलं. नंदीजवळून सगळ्या गावासमोर श्रीदेवी म्हणाली, "मठामागं बसून मामाचं गाणं वाजवून झालं असंल तर या घरी. गॅस संपलाय."

भिंतीपलीकडे कुणी खोकलंसुद्धा नाही. मग मामांचा आवाज आला, "श्रुतिका लागली. उठा, परसाद घ्या."

"लई खरी वाटती बाई श्रुतिका," धुरपताबाई म्हणाल्या.

नंतर मामा काठी टेकत आले आणि माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "डोळ्याला पट्टी व्हती, कानाला न्हवती. तुजा टाळ म्या वळखत न्हाय व्हय?" मग समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "आकाशवाणीत त्या दिवशी लाल दिवा लागला आन् माजा कंठच फुटला न्हाई. त्यांनी काय ठिवलं आसंल, तर माजं गप बसणं."

दोन दिवस रिकामी जागा शोधून मी स्वतःला विचारवंत समजत होतो. हे पंचेचाळीस वर्षं एक जागा उराशी धरून बसले होते.

मुलांना आशीर्वाद, भावजींना शरणार्थ.

तुमचा,
गौरीशंकर

ता. क. कार्यक्रम अजून दर सोमवारी चालू आहे. गाडी कुठं असते ते साऱ्या गावाला माहीत आहे. परवा तर आवाज स्वच्छ यावा म्हणून चौघांनी ती ढकलून आणखी भिंतीला लावून दिली. पद नव्याने उतरवलं. टाळ आता धुरपताबाईंकडे असतो.

आणखी एक. कार्यक्रम संपला की मामा दर वेळी विचारतात, "हुबळीला ऐकू जातं का रे?" मी दहा पावलांचा हिशोब सांगतो आणि ते उठून जातात. तुमच्या फोनवर पद पाठवलं आहे, ते आधी खरोखर ऐका. (खोटं बोलायचं खातं सध्या माझ्याकडेच असू द्या.) मग येत्या सोमवारी सात वाजून वीस मिनिटांनी मला फोन करा. हॅलो म्हणू नका, माझं नाव घेऊ नका. फक्त म्हणा, "अप्पा, ऐकलं." मी बोट हिरव्यावर ठेवून बसतो. कोथिंबीर आदल्या दिवशीच आणून ठेवीन.