उजव्या बाजूचा कप

बाई, तुझी घडीची सायकल परवा दुरुस्त करून आणली. दोन्ही पायडलांच्या मधल्या नळीतला आस, तिच्या दोन बाजूंचे कप आणि आतले छर्रे, सगळं नवीन घातलं. सुनेने माळा रिकामा करताना ती खाली काढली तेव्हा पायडल जागचं हलत नव्हतं. ती भंगारात द्यायला निघाली होती, मी नको म्हणाले. आईची एवढी एकच वस्तू माझ्याजवळ राहिली आहे, असं तिला सांगितलं. ते खरं आहे, पण कारण ते नव्हतं.

महाराष्ट्र नवा होता त्या वर्षांत तू धाड गावच्या दवाखान्यात होतीस. सगळं गाव तुला नर्सबाई म्हणायचं, म्हणून मीही बाईच म्हणत राहिले. बाबा गेल्यावर घरात आपण दोघीच. लष्कराच्या लिलावातली ही हिरवी सायकल दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तुला मिळवून दिली होती. दोन मोठे नट सैल केले की ती मधोमध दुमडायची आणि एसटीच्या टपावर चढायची. रस्ता संपला की तू तिला उघडायचीस आणि पुढच्या गावाला जायचीस. लुगड्याचा काचा मारून तू निघालीस की पारावरची माणसं म्हणायची, "पळा रे, लष्कर आलं." तू न थांबता म्हणायचीस, "पळा, पळा. तुमची पोरं माह्याच हातावर आली, ते नाही पळत मले पाहून." ते हसायचे. तू कधी मागे वळून पाहिलं नाहीस.

त्या उन्हाळ्यात पायडल मारताना कटकट वाजायला लागलं. तू मला सायकल मिस्त्रीकडे टाकायला सांगितलं. एसटी थांब्यापाशी त्याचं दुकान होतं, एक पेटी आणि वर बारदान. मी एकोणीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, घरातला स्टोव्ह आणि शिवणयंत्र मीच उघडून दुरुस्त करायची. मी सायकल नेलीच नाही. नुसते कप आणि छर्रे मागितले. तो म्हणाला, "सायकल आन ना इथी. आज बाजार हाय, उद्या बसवून देतो." मी म्हटलं, मीच बसवीन. "तू? पोरीनं पाना धरला का सायकल लाजते वं." बाकावर बसलेले सगळे हसले. छर्रे कागदात बांधून देताना तो म्हणाला, "बसवशीन तं ध्यानात ठेव, उजवा कप उलटा बसते." त्यावरही कोणीतरी हसलं.

घरी येऊन मी सगळं उघडलं. जुना आस झिजला होता, तो पुसून तसाच ठेवला. डावा कप नीट बसला. उजवा हातात घेतला आणि मिस्त्रीचं बोलणं आठवून त्याची आतली बाजू बाहेर करून लावून पाहिली. तो तसा बसणं शक्यच नव्हतं. मला वाटलं, त्याने माझी चेष्टा केली, मी उलटा लावत बसेन आणि उद्या तो बाकावरच्यांना सांगेल. राग आला. मग जगातला कुठलाही नट आवळतात तसा तो उजवीकडे फिरवला. धरेना, म्हणून हातोडीने दोन-तीन ठोके दिले. बसला. त्या कपाचे आटेच उलटे असतात, तो डावीकडे फिरवला की आवळतो, एवढंच मिस्त्रीला सांगायचं होतं. संध्याकाळी तू पायडल फिरवून पाहिलंस. आवाज गेला होता. "मिस्त्रीचा हात बरा हाय," म्हणालीस. तुला गंमत म्हणून नंतर सांगू, असं मी ठरवलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी डोंगराखालच्या गावातून माणूस आला. बाळंतपण अडलं होतं, पहिलंच. तिकडे एसटी नव्हती. तू लगेच निघालीस. अर्ध्या वाटेवर कप निसटला, छर्रे फुफाट्यात सांडले आणि पायडल अडकून चाकही फिरेना. सायकल दुमडून खांद्यावर घेऊन तू बाकीची वाट चाललीस. पोचलीस तेव्हा मूल रडत होतं आणि ती पोरगी गेली होती. तिची सासू तुला एवढंच म्हणाली, "बाई येऊन राह्यली, बाई येऊन राह्यली, म्हनत गेली माही सून." हे तू मला पाणीसुद्धा न पिता सांगितलंस. मग पिशवीतून तो कप काढून माझ्यासमोर ठेवलास. "कोनं बसवला हा?"

"मिस्त्रीनं," मी म्हणाले.

सकाळी तू मला घेऊन थांब्यावर गेलीस. एसटी उभी होती, माणसं होती; बाजारच्या दिवशी बाकावर हसले ते परगावचे, त्यांतलं कोणी नव्हतं. तू आवाज चढवला नाहीस. "तुमच्या हातानं एक बाई गेली, मिस्त्री. बावीस वर्साची." तो टायर काढत होता. त्याने तुझ्या हातातला कप घेतला, आटे पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तो म्हणाला, "हाव बाई. उलटा पिळाचा, तो सुलटा पिळला. चुकलं." नंतर कधीतरी मी एकटी त्याच्यासमोर गेले, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "तुह्या मायले तूच एक हायेस. जाय घरी. मले काय, दुसरं गिऱ्हाईक भेटन."

भेटलं नाही. तुझा शब्द गावात चालायचा, बायका त्याच्या दुकानावरून जाताना तोंड फिरवायच्या. वर्षाच्या आत पेटी उचलून तो खामगावला कापसाच्या जिनात हमालीला गेला. तू सायकलवर पुन्हा बसली नाहीस. शेवटच्या आजारात मी तुझे पाय दाबत होते तेव्हा म्हणालीस, "सगळ्याइले माफ केलं मी. त्या मिस्त्रीले नाही झालं." मी पाय दाबत राहिले.

मिस्त्रीचा मुलगा आता इथे बुलढाण्यात दुकान चालवतो. हे मला माहीत होतं, सायकल त्याच्याकडे नेली ती सांगायचं म्हणूनच. त्याने पाहताक्षणी ओळखली. "नर्सबाईची ना? बाप सांगे हिचं. बसा मावशी." उजवा कप बसवताना त्याने दोनदा काढून पुन्हा लावला. "याच्यातच फसला माहा बाप. माह्या हातून एक बाई मेली, असं मरेपर्यंत म्हनत राह्यला." थोडा वेळ पाना चालवून त्याने वर न पाहता विचारलं, "खरंच का वो मावशी? बाप हाताचा लय पक्का होता."

मी म्हणाले, "जुनी गोष्ट आहे, बाबा. मी लहान होते तेव्हा."

मग त्याने सायकल दुमडून रिक्षात ठेवून दिली आणि मी घरी आले. कालपासून हे तुला लिहिते आहे. तू वाचणार नाहीस म्हणून लिहिता येतं. त्याचं दुकान माझ्या दारापासून चालत दहा मिनिटांवर आहे.