बँकेपुढे साष्टांग

ग्योतोकु, इचिकावा, जपान

ती. पंढरीनाथमामांना,
स्वानंदचा साष्टांग नमस्कार. (हा शब्द यापुढे जपून वापरायचं ठरवलं आहे, कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा काय म्हणतो? नयनामामींनी बंद केलेली जिलबी अजून बंदच आहे, की लग्नकार्यात सवलत मिळते? इकडे केतकी बरी आहे. ओवी उंच झाली आहे आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत उत्तर देते, त्यामुळे ती उलट बोलली हे मला उशिरा कळतं.

आता घराबद्दल. इथं घर घेतलं तेव्हा बाल्कनीचे फोटो मी तुम्हाला मोठ्या तोऱ्यात पाठवले होते. पुढचं कळवलं नाही. माझं कंत्राट संपलं, नवी नोकरी मिळेपर्यंत हप्ते थकले आणि मी बँकेत गेलो. बँकेनं अदबीनं सांगितलं, हप्ता कमी करून देऊ, कागद आणा. मी कागद नेत होतो, ते आणखी कागद मागत होते (आणि मी अकलेचा कांदा, त्यांचे आभार मानत होतो), आणि तेवढ्यात त्याच बँकेनं आमचं घर लिलावासाठी कोर्टात पाठवलंसुद्धा. मला वाटलं, असं गाढव बनणारा जगात मी एकटाच. तर नाही, याच चालीनं फसलेली चाळीसेक कुटुंबं निघाली. सगळ्यांनी मिळून बँकेवर एकच दावा ठोकला.

पहिल्या बैठकीत वकीलबाई मोरिता-सान यांनी विचारलं, तुमच्या वतीनं कोण बोलणार? सगळे आपापल्या मोज्यांकडे बघत बसले. मामा, कोथरूडच्या सोसायटीत वाढलेल्या माणसाला गप्प बसलेली सभा बघवते का? मी उठलो आणि आपल्याकडे पाण्याच्या टाकीवरून भांडतात तसा तावातावानं बोललो. झालो प्रतिनिधी. केतकी म्हणाली, "घराचं काय व्हायचं ते होईल, तुझी भाषणाची हौस तरी फिटली."

मग बँकेनं आम्हाला भेटीला बोलावलं. मोरिता-साननी बजावलं होतं, ते वाकतील, माफीचं बोलतील, तुम्ही मानसुद्धा हलवायची नाही. मी ठोंब्यासारखा ताठ उभा राहिलो. आणि आत आले बँकेचे ओकुमुरा-सान. पांढरे केस, तुमच्याच वयाचे, चष्माही तुमच्यासारखा नाकावर घसरलेला. ते माझ्यापुढे कमरेत वाकले. मोठं माणूस आपल्यापुढे वाकलं की आपलं आयुष्य कमी होतं, हे आईनं लहानपणीच डोक्यात भरलेलं. माझी पाठ मला न विचारता वाकली आणि मी त्यांच्या पायांना हात लावला. ते दचकून आणखी खाली वाकले, आमची डोकी आपटली. इथवर फजिती माझ्या एकट्याची होती. पण मागे उभ्या असलेल्या मंडळींना वाटलं, हा वकीलबाईंचाच काहीतरी डाव असणार. पुढचा करेल तसं करायचं, ही इथली शिस्त. सगळे गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी कपाळ जमिनीला टेकवलं. घरं जायची वेळ आलेली माणसं बँकेला साष्टांग घालताहेत, आणि त्यांचा पुढारी मी! मोरिता-सान ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त दातांतून श्वास आत ओढला. इथं तो आवाज आला की समजून जायचं असतं, काम बिघडलं.

बँकेनं कोर्टात सांगितलं, कर्जदारांनी स्वतःच चूक कबूल करून माफी मागितली. पुढची तारीख न्यायाधीशांना आपला वाकून नमस्कार समजावण्यात गेली. दावा अजून चालू आहे, पण लिलावही थांबलेला नाही. माझं प्रतिनिधीपद गेलं. आता बैठकीत खुर्च्या मांडायचं काम माझ्याकडे आहे आणि ते मी चोख करतो.

मामींना नमस्कार. (उभ्यानंच.)

तुमचा भाचा,
स्वानंद

ता. क. आईला यातलं काही सांगू नका. घराला रंग काढतोय, असं तिला सांगितलंय.

पुन्हा ता. क. मामा, खरं म्हणजे हे विचारायलाच पत्र लिहायला बसलो. तुम्ही बँकेत वसुलीला होतात. दारावर जप्तीची नोटीस डकवायला गेलात की घरातले आधी तुम्हाला चहा द्यायचे, हे तुम्ही रंगवून सांगायचात आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसायचो. काल कोर्टाचा माणूस लिलावाआधी घराचे फोटो काढायला आला. ओवी तिच्या खोलीचं दार धरून उभी राहिली, मोठ्या मुश्किलीनं हलली. केतकीनं त्याला चहा केला. नको नको म्हणत तो प्यायला, आलं छान लागतंय म्हणाला. तेव्हापासून केतकी जरा आशेवर आहे. तुम्हाला चहा देणाऱ्यांपैकी एकाचं तरी घर राहिलं होतं का? राहिलं असेल तर फोन करून केतकीलाच सांगा. नसेल तर पत्रात नुसतं गुडघ्याचं लिहा.