खालची वाडी ऱ्हवली

आबा, आज दुपारी टीव्हीवर एका राजाने गादी सोडली. दूरच्या कुठल्या देशाचा, चांगला म्हातारा, कोटावर बिल्ले. सही केली, पेन खाली ठेवलं, मुलाला खुर्ची दिली आणि आपण बाजूला उभा राहिला. मला मेलीला लगेच तुमची आठवण झाली. शुक्रवार, इथला सुटीचा दिवस. हे आणि लेक जेवून सोफ्यावर बसलेले, मी ताटं उचलत होते ती तशीच उभी राहिले. लेक आता कॉलेजात जाते, तिला सगळं ठाऊक. म्हणाली, "मम्मी, ही हॅज नो पॉवर. पार्लमेंट पाठवतं, तो साइन करतो. नो म्हणायचं नाही." मी विचारलं, "आणि त्याला कोणी नो म्हणतं का गं?" ती हसली. "राजाला कोण म्हणणार?" मग टीव्हीवरची माणसं त्याच्या कारकिर्दीचा जमाखर्च मांडायला बसली. वाईट काळात लोकांना धीर दिला, ही जमा. फार वर्षं चिकटून राहिला, हा खर्च. मी घरातल्या पैन्‌पैचा हिशेब ठेवणारी, पण त्यांची बेरीज मला पटेना. तेवढ्यात हे म्हणाले, "काही म्हणा, अर्ध्यावर टाकून पळाला." अगदी हेच शब्द गावात तुमच्याबद्दल ऐकले होते, आबा.

तुम्हीही तसलेच राजे होतात. निर्णय सगळे पंचांचे, पण शिमग्याला पालखी देवळाबाहेर निघायची ती तुम्ही गाऱ्हाणं घातल्यावरच. हातात नारळ घेऊन तुम्ही एकेका वाडीचं नाव घेता, तिचं भलं कर म्हणून देवाला विनवता, आणि प्रत्येक वाक्याला सगळा गाव गरजतो, "व्हय म्हाराजा!" मी नऊदहा वर्षांची, तुमच्या धोतराला धरून उभी. त्या वर्षी तुम्ही खालची वाडी विसरलात. माझ्या लक्षात आलं. खालच्या वाडीची माणसं तिथेच होती, त्यांच्याही आलं असणार. तरी सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. घरी आई भाकऱ्या थापत होती. तुम्ही चुलीपाशी बसलात, फेटा मांडीवर. "मी चुकलंय," तुम्ही म्हणालात. "तरी सगळे व्हय म्हणाले गो." आई म्हणाली, "देवाक कळता सगळा. जेवा आता." तुम्ही जेवला नाहीत. पुढच्या शिमग्याला नारळ चुलतकाकांच्या हातात दिलात आणि गर्दीत जाऊन उभे राहिलात. आवाज खणखणीत असताना मान सोडला म्हणून कोणी पळपुटे म्हणालं, कोणी म्हणालं काहीतरी पाप घडलं असणार. आई वर्षभर विहिरीवर मान खाली घालून जायची.

पण त्यानंतरचं मला जास्त आठवतं. काका एकदा असेच चुकले, आणि तुम्ही गर्दीतून ओरडलात, "अरे, खालची वाडी ऱ्हवली!" ढोल थांबले. मग काकांनी कान पकडले, देवाला हात जोडले आणि नाव घेतलं. मागून एक म्हातारी ओरडली, "माज्या म्हशीचाव नाव घे रे, दूध देणा नाय ती!" सगळा गाव हसला. तेव्हापासून काही राहिलं की कोणीही ओरडायचं, बायकासुद्धा. टीव्हीवाल्यांनी तुमचा हिशेब मांडला असता तर ही जमा त्यांना सापडली नसती. मी ती सगळ्यात वर लिहीन.

आज एवढं जुनं का उगाळतेय, सांगते. हे इथे आखातात वर्ल्ड कपच्या स्टेडियमवर फोरमन आहेत. क्रेनने लोखंड उचलायचं, आणि ते कुठे उतरवायचं याची खूण यांनी खालून हाताने करायची. यांच्या हाताकडे बघून वरचा माणूस क्रेन चालवतो. आणि यांना उजव्या डोळ्याने धड दिसत नाही, डाव्यानेही अंधुकच, आबा. साखरेमुळे. म्हणतात, धूळ गेली असेल. जिन्यात पायरी चाचपतात, भाजीवाल्याकडे नोट डोळ्यांशी नेतात. डॉक्टरचं नाव काढलं की, "कंपनीला कळलं तर घरी पाठवतील. मॅच बघूनच गावाला जायचं, इन्शाल्ला!" असं म्हणून हसतात. परवा जेवताना गंमत म्हणून सांगत होते, लोखंड भलतीकडेच उतरलं, एका बिहारी पोराने बाजूला उडी मारली म्हणून बरं. मी विचारलं, "मग तुम्हाला कोणी काही बोललं नाही?" अभिमानाने म्हणाले, "मला कोण बोलणार? सगळे यस सर." त्या पोराचीही कोणी आई असेल. रोज सकाळी हे बाहेर पडले की देवापुढे दिवा लावते आणि आधी त्या पोरासाठी मागते, मग यांच्यासाठी.

आज टीव्ही बंद झाल्यावर हे दर शुक्रवारसारखे पोथी वाचायला बसले. पान उघडं असतं, पण हे वाचत नाहीत, पाठ आहे ते म्हणतात. आज दोन ओव्या गाळल्या. लेकीला कळलं नाही. मला त्या येतात, तुम्हीच शिकवल्यात. पोथी मिटता मिटता यांनी विचारलं, "नीट झालं ना गं?"

तुम्ही तर आता नाहीत, हा कागद कुठे पाठवणार? कॅलेंडरचं जुनं पान आहे, मागची बाजू कोरी होती म्हणून ठेवलेलं. घडी करून पोथीतच ठेवते, त्या दोन ओव्यांपाशी. पुढच्या शुक्रवारी यांना दिसलं तर वाचतील.

यांनी विचारलं तेव्हा मीही हो म्हटलं, आबा.