सोमवारचा उपास

हिंगणी,
डिसेंबर १९८३

प्रिय कांता,

दिवाळी करून गेलीस, पोचल्याचं पत्र टाकलंस आणि मी उत्तराला थेट आता, थंडीत बसलो. माफ कर. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर, त्यात मनात धाकधूक. कार्ड घेतलं तर पुरेना, मोठा कागद घेतला तर हात चालेना. तुझा खोकला गेला का? वसतिगृहाच्या खिडकीला कडी बसवली का?

तू घरी होतीस तेव्हा चिवड्याचा डबा रोज सकाळी हलका लागायचा. तुझी आजी मांजरीला शिव्या द्यायची. मी म्हटलं, "तानाबाई, मांजर खाऊन झाल्यावर झाकण लावून जाते काय?" सगळे हसले, तू मात्र उठून गेलीस. मग मलाही ते हसणं बोचत राहिलं.

मागच्या आठवड्यात वर्ध्याला आलो तो तुझ्या खाणावळीत गेलो. तू कॉलेजात होतीस. पोरीला पोटभर वाढत नसतील, म्हणून चांगला भांडायच्या तयारीने गेलो होतो. खाणावळवाल्या भैय्याजीने उलट चहा दिला आणि तुझं कौतुक मांडलं. "आजोबा, तुमची नात मोठी धार्मिक हो! सोमवार, गुरुवार, शनिवार, एकही उपास सोडत नाई. ताट वाढलं का हात जोडते." बिचारा मनापासून बोलत होता. माझा चहा तसाच राहिला. छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आपल्या घरात हे उपास कोणी धरले नाहीत. माझी पोर दिवसा ताट परत करते आणि सगळे निजल्यावर एकटी डबा घेऊन बसते, हे मला तिथे कळलं.

तुझी आत्या म्हणते, "बाबा, बाहेर कोठी बोलू नका, पोरीले येडी म्हणतीन, सोयरिकी मोडतीन." मोडू देत. तुझ्या बापालाही मी तेच बजावलं. भीती मलाही वाटते, पण खाणावळीतून निघालो त्याच दिवशी मी मोठ्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. ते म्हणाले, हा हावरटपणा नाही, आळस नाही, वेडही नाही. अभ्यासाच्या, परीक्षेच्या धास्तीने कॉलेजच्या काही पोरापोरींची भूक आणि झोप अशी उलटीपालटी होते. इलाज आहे, पण पोर आपल्या मनाने आली पाहिजे.

त्यासाठी हे पत्र. तुला ओढून नेणार नाही, कॉलेजातून काढणार नाही. पुढच्या सोमवारी पहिल्या बसने येतो. आजी भाकरी आणि वांग्याची भाजी बांधून देणार आहे. आधी भर दुपारी भैय्याजीसमोर बसून दोघं जेवू, मग दवाखान्यात जाऊ. सोमवार मी मुद्दाम धरला आहे. त्या सोमवारी तुझा उपास असणार नाही. आजी आता चिवड्याच्या डब्याला झाकण लावू देत नाही, मऊ पडला तरी. कार्डावर नुसतं "आबाजी, येजा" लिहिलंस तरी पुरे, पण लवकर टाक पोरी, मी रोज पोस्टमनची वाट पाहतो.

तुझाच,
आबाजी