खाडीकाठच्या बाईचा चेहरा

३ फेब्रुवारी २०२५
नेरूळला पोचले एकदाची! मैत्रीण अर्पिताचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर, खिडकीची खोली माझ्या वाट्याला. साताऱ्याहून आणलेले कंदी पेढे आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच संपवले. उद्यापासून काम. शिरवण्याजवळ खाडीकाठी एक जुना दगड आहे, त्यावर बाई कोरलेली. तो झिजून जायच्या आत हातातल्या लेझर स्कॅनरनं तिची थ्रीडी प्रत करायची.

४ फेब्रुवारी
लुगड्याच्या निऱ्या, पायाची बोटं, सगळं शाबूत. चेहऱ्यावर मात्र लाल कापड. तिथं झाडलोट करणाऱ्या बायजाआजी म्हणाल्या, "पोरी, तिचं तोंड खाडीनं खाल्लं हाय. ती दुसऱ्याचं मागते. कापड नको काडू." मी मान डोलावली. त्या पाणी आणायला गेल्या तेव्हा गाठ सोडली. आत नुसता सपाट दगड. दहा मिनिटांत स्कॅन करून कापड परत बांधलं.

५ फेब्रुवारी
स्क्रीनवर बाईला नाक दिसतंय. यंत्राची चूक असणार. जाऊन पुन्हा स्कॅन केलं, तर ओठही आले. बोट फिरवून पाहिलं, दगड सपाटच. सकाळपासून माझा फोन चेहऱ्यानं उघडत नाहीये. आकडे टाकावे लागतात. कटकट नुसती.

७ फेब्रुवारी
ऑफिसच्या चेहरा ओळखणाऱ्या हजेरीच्या मशीननं मला चारदा नाकारलं. सुधीर सर हसले, मग जरा जास्तच वेळ माझ्याकडे बघत राहिले. स्क्रीनवर बाईच्या डाव्या भुवईत व्रण आलाय. लहानपणी झोपाळ्यावरून पडले होते, तो माझा व्रण.
आरशात शोधला. माझी भुवई गुळगुळीत आहे.

८ फेब्रुवारी
सगळ्या फायली पुसल्या. खाडीवर धावत गेले. कापड खाली पडलेलं. दगड कोरा — बाईच नाही त्यावर. बायजाआजींनी मला पाहिलं आणि पदर डोळ्यांवर ओढला.

९ फेब्रुवारी, सकाळी
आईला व्हिडिओ कॉल केला. आईनं विचारलं, कोण तुम्ही? क्षिप्राला फोन द्या.
नाक हाताला लागत नाही.

दुपारी
बेल वाजली. बाहेर हॉलमध्ये दार उघडून अर्पिता म्हणतेय, आलीस का क्षिप्रा, जेवायची थांबलेय मी. उत्तर माझ्या आवाजात आलं. ओरडायला तोंड उघडत नाही — तोंडच —
तोच आवाज म्हणतोय, आधी रोजनिशी लिहून येते. पावलं इकडेच — खोलीला आतून कडी लावलीय मी, पण ती आपोआप कशी सरकतेय —