भेटवस्तू नोंदवही आणि पाच रोडगे

६ जानेवारी, मंगळवार
नगरपंचायतीची पहिली सभा. नव्या अध्यक्षांनी नियम काढला. नगरसेवकानं कोणाची भेटवस्तू घ्यायची नाही, ज्याचं काम आपल्यापुढं आहे त्याच्याकडं जेवायचं नाही, आणि घेतलंच काही तर नोंदवहीत लिहायचं. सगळ्यांना एकेक कोरी नोंदवही दिली. बाकीच्यांची तोंडं उतरली. मी मात्र आतून खूश. म्हटलं पुंजाजी, हा नियम खास तुझ्यासाठी. लोक आणतील, आपण हात जोडून परत पाठवू. पाच वर्षांत नाव होऊन जाते.
शेजारच्या वॉर्डाचे गफ्फारभाई म्हणाले, यात खूश व्हायसारखं काय आहे, आपापल्या घरी जेवायचं एवढंच. माणूस चांगला, पण व्हिजन नाही.

८ जानेवारी
फाटकावर फ्लेक्स लावला. 'येथे भेटवस्तू स्वीकारली जात नाही.' खाली माझा हात जोडलेला फोटो. आरशासमोर नकाराची प्रॅक्टिस केली. चेहरा नम्र पण ठाम. बायको म्हणते, पण आनून कोन राह्यलं तुमाले? ललिताला राजकारण कळत नाही.

११ जानेवारी, रविवार
कोणी आलं नाही. बाजाराचा दिवस, लोक बिझी.
बाजारात पंचफुलाबाईनं अडवलं. गावाबाहेर तिचा भाजीचा मळा. वीस वर्षांपासून नालीच्या काठावर दुकान मांडते. सांडपाणी भाजीच्या पोत्याखाली येते, गिऱ्हाईक नाक दाबून पुढं जाते. सिमेंटचे ओटे मंजूर आहेत, पण होतील एकाच जागी. एक तर भाजीच्या रांगेत, नाहीतर हर्षल ठेकेदाराच्या नव्या कॉम्प्लेक्ससमोर. २७ तारखेला दुपारी तीनला सभेत मतदान. दोन्हीकडं सारखी माणसं आहेत, म्हणजे माझ्या मतावर आलं. मी तिला भर बाजारात शब्द दिला. पुंजाजीचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असंही म्हणालो. आजूबाजूच्या दोघांनी ऐकलं.

१४ जानेवारी, संक्रांत
शेजारच्या पोराच्या हातचा तिळगूळ नाकारला. पोरगं रडलं. तत्त्व म्हटलं की थोडं रडणं आलंच.
ललिता हर्षलच्या घरी हळदीकुंकवाला गेली होती. वाण म्हणून स्टीलचा मोठा डबा मिळाला. विचार केला. डबा तिचा आहे, नगरसेवक मी आहे. नोंद करायची गरज नाही. रात्री त्यातल्या पोळ्या खाल्ल्या. डबा छान आहे, पोळ्या गरम राहतात.

१८ जानेवारी, रविवार, सकाळी ७.१०
आली! पहिली भेट आली!
पंचफुलाबाई फाटकात, हातात पिशवी, पिशवीत काटेरी वांगे. मी फ्लेक्सकडं बोट दाखवलं. ती म्हणाली, भाऊ, ऐका त खरं. मी ऐकलं नाही. तीनदा नाही म्हटलं, तिन्ही वेळा वेगळ्या आवाजात. गल्लीतल्या दोघांना बोलावून फोटो काढला. ललिता स्वयंपाकघरातून काहीतरी ओरडत होती. तत्त्वाच्या वेळी घरच्यांचं ऐकू नये.
संध्याकाळी: स्टेटस एकावन्न जणांनी पाहिलं. घरात भाजी नाही. बेसन.

१९ जानेवारी
बेसन. ललितानं ताट आपटून ठेवलं.

२१ जानेवारी
हर्षलचं एवढं मोठं काम माझ्या मतावर अडलेलं, आणि त्याच्याकडून साधा पेढा नाही. मी नाकारणारच आहे हो, पण आणायला काय जाते? मान म्हणून काही आहे की नाही! मुद्दाम त्याच्या दुकानावरून तीनदा गेलो. दुसऱ्या वेळेस त्यानं हात हलवला.

२४ जानेवारी
हर्षल स्वतः घरी आला. रिकाम्या हातानं. म्हणे मारुतीला रोडग्यांचा नवस बोललो होतो, मंगळवारी शेतात फेडतो, केनवड रोडला, तुमी याच. मारुतीचा वार शनिवार, पण तो म्हणे नवसाले वार नसते.
रात्रभर विचार केला. ठेकेदाराचं जेवण घ्यायचं नाही, मान्य. पण नवसाचं ते जेवण नव्हे, प्रसाद. प्रसाद मारुतीचा. मारुतीचं नगरपंचायतीत काही काम अडलेलं नाही. जायला हरकत नाही.
गफ्फारभाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं, पुंजाजी, जाऊ नको, त्याच दिवशी सभा आहे, रोडगे खाल्लेला माणूस उठत नसते. मी म्हटलं, गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळेच ते, दोनच खाईन.

२६ जानेवारी
झेंडावंदनाला मनातल्या मनात शपथ घेतली. दोन रोडगे. तूप नाही. सव्वादोनला शेतातून निघायचं.

२७ जानेवारी, शेतात, दुपारी १.०५
दोन झाले. तूप घेतलं. देवाचं आहे, नाही म्हणता येत नाही.
१.२५. चार. वांग्याची भाजी अशी की बोलता सोय नाही. वांगे कुठले विचारलं, तर हर्षल म्हणे पंचफुलाबाईचे. बघा! म्हणजे मी जेवतो ते एका परीनं तिच्याच भल्यासाठी.
१.४५. पाच. आंब्याखाली पाच मिनिटं पाठ टेकतो. देवाचं ठिकाण म्हणून फोन सायलेंट.
५.२०. उठलो.

२७ जानेवारी, रात्री
मिस्ड कॉल एकोणीस. गफ्फारभाईंचे अकरा, बाकीचे पंचफुलाबाईच्या सुनेच्या नंबरवरून. मतं सारखी पडली, मग अध्यक्षांनी आपलं मत कॉम्प्लेक्सला दिलं. गफ्फारभाई सांगत होते, ती बाई दुकान सोडून बारा वाजल्यापासून सभागृहाच्या पायरीवर बसून होती.
मी विरोधात मत दिलेलं नाही, हे लक्षात घेतलं पाहिजे. मी तटस्थ होतो. झोप लागली नाही. दुपारी झाली होती म्हणून असेल.

३० जानेवारी
अध्यक्षांनी नोंदवह्या तपासल्या. गफ्फारभाईंच्या वहीत सात नोंदी, सगळ्या चहाच्या. माझी वही कोरी. सर्वात स्वच्छ सदस्य म्हणून माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. सत्कार म्हणजे भेट नव्हे. टाळ्या वाजल्या. गफ्फारभाई माझ्याकडं पाहत होते. टाळी त्यांनीही वाजवली, एकच.

१ फेब्रुवारी, रविवार
रिठदहून सासुरवाडीची माणसं जेवायला येणार. ललितानं पिशवी हातात दिली, वांगे आणा म्हणाली. सगळा बाजार फिरलो. तसे वांगे एकाच ठिकाणी.
पंचफुलाबाई नालीच्या काठावर, विटेवर वीट ठेवून बसली होती. मी सभेबद्दल काही बोलणार होतो, घरून पाठही करून गेलो होतो. ते आठवलं नाही. नोट पुढं केली, म्हटलं दोन किलो द्या.
ती म्हणाली, "त्या रोजचे वांगे वहिनीनं सांगून ठेवले होते, भाऊ. पैसे बी आधीच देऊन ठेवले होते. तुमी ऐकूनच नाई घेतलं." मग पदराची गाठ सोडून तिनं ललिताचे ते पैसे माझ्या हातावर ठेवले. मी म्हटलं, मग आज तरी द्या, रोख घ्या. रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही.
"नाई भाऊ. तुमच्या फाटकावर लिव्हलं हाये ना. नगरसेवकाले काई देता येत नाई."
आणि मागच्या गिऱ्हाइकाला विचारलं, किती देऊ.
फार लाज वाटली. मागं सरकलो तर पाय नालीत गेला. कोणी हसलं नाही.
घरी आलो. ललितानं रिकामी पिशवी पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, आज वांगे चांगले नव्हते. ती म्हणाली चप्पल बाहेर ठेवा, वास येऊन राह्यला.
पाहुण्यांना बेसन केलं.