कुपी क्रमांक एक्केचाळीस

६ फेब्रुवारी, मंगळवार
प्रयोगशाळा, खिडकीजवळचं टेबल

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी पाठ कशी आहे, शाळेत यंदा कुठले वर्ग मिळाले, लेकीचे दात पडायला लागले का, हे सगळं विचारायचं आहे. आईकडून कळतं ते अर्धंमुर्धं. पण आधी बातमी सांगू दे, नाहीतर माझं पोट फुटेल. तुझं बरोबर होतं! खडक आधी मिसळतात आणि मग वितळतात. तू नऊ वर्षांपूर्वी म्हणत होतीस तसंच, अगदी तसंच!

मी वेड्यासारखी हसतेय. यंत्रकाका दोनदा डोकावून गेले. त्यांनी आता कान यंत्र चालवतानाच नव्हे, माझ्याशी बोलतानाही झाकायला सुरुवात केली आहे.

लेकीला हे वाचून दाखवशील या आशेने तिच्यासाठी सोपं करून लिहिते. समुद्राचा तळ दुसऱ्या तळाखाली सरकत जातो, आणि जाताना स्वतःबरोबर चिखल घेऊन जातो. शंभरेक किलोमीटर खाली काहीतरी वितळतं आणि ज्वालामुखीतून वर येतं. भांडण एवढंच, की तो चिखल वरच्या खडकात मिसळतो कधी? आम्ही सगळे म्हणायचो (सगळ्यात मोठ्याने मी), की चिखल खालीच वेगळा वितळतो आणि त्याचा रस वर जाऊन मिसळतो. लेकी, तुझी आई म्हणायची, की दोन तळ जिथे एकमेकांवर घासतात तिथेच सगळं भरडलं जातं, घट्ट असतानाच मिसळतं, आणि तो मिसळलेला गोळा वर चढून मग वितळतो. "मीठ पिठातच मिसळतात, भाजताना वरून भुरभुरवत नाहीत," असं ती म्हणायची आणि मी तिची टिंगल करायचे.

तर झालं असं. गेल्या महिन्यात नवी कपाटं आली. आपली म्हैस मात्र तीच आहे, तेच दाबयंत्राचं धूड, अजून तेवढीच अडून बसते. जुने खण रिकामे करताना यंत्रकाकांना एक पत्र्याचा डबा सापडला. वर 'बाद' लिहिलेलं, माझ्या अक्षरात.

"टाकू का हो हे?" त्यांनी विचारलं.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की त्यांच्या हातातून डबा पडला. मग आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून, खडकाची पूड भरून म्हशीत दाबलेल्या त्या वाटाण्याएवढ्या सोनेरी कुप्या टेबलाखालून गोळा करत होतो. तुझी एक्केचाळीस नंबरची सगळ्यात शेवटी, हीटरमागे सापडली.

तुझी ती कुपी मी मधोमध कापली, एक अर्धा भाग घासून चकचकीत केला आणि मूलद्रव्यं मोजणाऱ्या नव्या यंत्राखाली ठेवला. तुझ्या वेळी आपल्याकडे लाव्हाचे नेमके आकडे नव्हते. आठवतं, ज्वालामुखीच्या त्या उतारावर तुझ्या बुटाचा तळवा सुटला आणि तू तो रुमालाने बांधून दगड गोळा करत राहिलीस? त्या दगडांचं पोतं इतकी वर्षं जिन्याखाली पडून होतं. तेच दगड मी आता मोजले. दोन मूलद्रव्यांचं जे प्रमाण माझ्या, दोन खडकांचे वेगळे थर लावलेल्या कुप्यांमध्ये सहा वर्षांत एकदाही लाव्हाशी जुळलं नाही, ते एक्केचाळीसमध्ये दुसऱ्या दशांशापर्यंत जुळलं. मी खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. मग तसंच मिश्रण नव्याने करून म्हशीत तीनदा भरलं. तिन्ही वेळा जुळलं, ताई!

काकांनी विचारलं, "मग तेव्हा ही बाद कशी काय झाली?"

मी त्यांना म्हटलं, चहा घेऊ या.

आता ते लिहायलाच हवं. त्या आढावा बैठकीच्या दिवशी तू आईच्या ऑपरेशनसाठी गेली होतीस. एक्केचाळीसचा आकडा बाकीच्यांपासून इतका फटकून का, असं सरांनी विचारलं. मी म्हटलं, "खल साफ केला नसावा." एक खडक कुटून झाला की खल साफ व्हावा म्हणून पांढरी वाळू कुटून टाकायची आणि वहीत खूण करायची, हा आपला नियम. तुझ्या पानावर खूण नव्हती. सरांना तेवढं पुरलं. निष्काळजी हा शब्द त्यांनी वापरला, मी नाही. पण मी तो खोडलाही नाही. कायमची जागा एकच होती, ती मला मिळाली, आणि तू शाळेत गेलीस.

परत आल्यावर तू मला जिन्यात गाठून एकच प्रश्न विचारला होतास. सर हाक मारताहेत असं सांगून मी वर पळाले. कुणी हाक मारली नव्हती.

काल वही घेऊन सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. तुझ्याआधी त्यांना सांगितलं, कारण ते सोपं होतं. त्यांनी एक्केचाळीसचं पान वाचलं. मग म्हणाले, "हे मला वर कळवावं लागेल. तुमच्या जागेचं काय होईल ते मी सांगू शकत नाही." भीती वाटते, खोटं कशाला बोलू? तरी आज सकाळी जिना चढताना मी चक्क गुणगुणत होते.

लेख तयार आहे. पहिलं नाव तुझं. तू वाचून हो म्हटल्याशिवाय तो कुठेही जाणार नाही, आणि नाही म्हणालीस तर तेही तुझंच. कुपीचा दुसरा अर्धा भाग मी घासलेला नाही. तो तू घासायचा, तुझ्या हाताने. लेकीलाही आण. काका तिला म्हशीचा दांडा ओढायला देणार आहेत, त्यांनी कबूल केलंय.

वहीचं ते पान सोबत पाठवतेय. खूण नाही, कारण दोन्ही खडक तू एकाच खलात घातले होतेस. खाली तुझ्या अक्षरात लिहिलंय: 'दोन्ही एकत्र कुटले, मुद्दाम.'

तू जिन्यात विचारलं होतंस, "बोलण्याआधी वही बघितली होतीस का?"

हो ताई. बघितली होती. ती ओळ वाचली, वही मिटली, आणि मग बोलले.

तुझी,
धाकटी